बालकार्सेचा सारथी

ब्वेनोस आयरेस या राजधानीपासून दक्षिणेकडे सुमारे चारशे किलोमीटर गेल्यावर, जेथे पाम्पाचा अफाट गवताळ प्रदेश बुटक्या डोंगरांच्या रांगांपाशी येऊन थबकतो, तेथे बालकार्से नावाचे गाव आहे. बटाट्याच्या पिकासाठी त्याचा त्या मुलखात लौकिक आहे. आणि युरोपातील दारिद्र्याला कंटाळून सागरपार आलेली जी असंख्य इटालियन कुटुंबे अर्जेंटिनाच्या कानाकोपऱ्यांत विखुरली, त्यांतील काहींनी येथेही आपली बिऱ्हाडे थाटली. गवंडीकाम व रंगकाम करणारा लोरेतो फान्जिओ अशाच एका कुटुंबातला. 24 जून 1911 रोजी, सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी, त्याच्या घरी जो मुलगा जन्मला त्याचे नाव त्या संतावरून हुआन असे ठेवण्यात आले. मोटारींच्या शर्यतींत पाच वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवणारा हुआन मॅन्युएल फान्जिओ तो हाच. त्याच्या चरित्राचा आरंभ बहुधा युरोपातील विजयांपासून केला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जे सारथ्य युरोपाने 1949 सालापासून विस्मयाने पाहिले ते युरोपात घडलेले नव्हते, ते बालकार्सेच्या एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात आणि अर्जेंटिनाच्या कच्च्या सडकांवर घडलेले होते, असे माझे निश्चित मत आहे. आणि म्हणून त्याची हकीकत तेथूनच सांगणे उचित होय.

शाळेशी त्याचा संबंध फार काळ टिकला नाही. मिसरूड फुटण्यापूर्वीच तो गावातील मोटार-दुरुस्तीच्या व्यवसायात उमेदवार म्हणून शिरला आणि मिगेल विजियानो याच्या कारखान्यात झाडलोटीपासून इंजिन उघडण्यापर्यंतची सारी कामे शिकला. फुटबॉलच्या मैदानावर त्याला ‘चुएको’, म्हणजे फेंगड्या, हे टोपणनाव मिळाले आणि ते जन्मभर त्याला चिकटून राहिले. 1932 साली सक्तीची लष्करी चाकरी बजावून परत आल्यावर त्याने मित्राच्या भागीदारीत स्वतःचा कारखाना काढला. त्या काळच्या युरोपातील नामांकित शर्यतपटूंपैकी बरेच जण जमीनदार, उमराव अथवा कारखानदारांचे पुत्र होते. मोटार ही त्यांच्या ऐश्वर्याची सोबतीण होती. फान्जिओला ती प्रथम भेटली ती बिघडलेल्या अवस्थेत, गिऱ्हाइकाने दुरुस्तीस आणून टाकलेली. यंत्र कोणत्या आवाजाने कण्हते, कोणत्या भागाला किती ताण सोसतो आणि कोणत्या क्षणी तो तुटतो, हे ज्ञान त्याला वेगाचे ज्ञान होण्याच्या कितीतरी आधी झाले.

दक्षिण अमेरिकेच्या त्या भागात शर्यतीची जी वहिवाट होती तीही या ज्ञानाला पोषक अशीच होती. युरोपप्रमाणे बांधीव वर्तुळाकार मार्गावर घिरट्या घालण्याऐवजी तेथील शर्यती एका शहरातून दुसऱ्या शहरी, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात, प्रसंगी देशाच्या सरहद्दी ओलांडून जात; दररोज एक मजल, रात्री मुक्काम, पहाटे पुन्हा कूच, असा त्यांचा शिरस्ता असे. गाड्या म्हणाव्यात तर फोर्ड आणि शेव्हरोले या अमेरिकन कंपन्यांच्या साध्या विक्रीच्या मोटारी. त्यांचे अनावश्यक पत्रे काढून टाकायचे, पेट्रोलच्या जादा टाक्या बसवायच्या, सांगाडा मजबूत करायचा, आणि चालकाशेजारी एक सोबती बसवून निघायचे. सडका बहुतेक मातीच्या; पाऊस झाला की गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात पुढच्या गाडीच्या धुळीपलीकडे काही दिसू नये अशी अवस्था. वाटेत गाडी मोडली तर तेथे कारखान्याचा सरंजाम कोठून असणार? या शर्यतींना ‘तुरिस्मो कार्रेतेरा’ असे म्हणत आणि 1937 पासून त्यांचे रीतसर राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झाले. गावोगाव लोक नभोवाणीला कान लावून बसत, फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले असे तट पडत, आणि गावचा चालक जिंकला की त्या यशात साऱ्या गावाचा वाटा मानला जाई.

फान्जिओने पहिली शर्यत केली ती 1936 साली, बेनितो हुआरेस या गावी, एका फोर्ड टॅक्सीचे रूपांतर करून. आणि घरी कळू नये म्हणून की काय, ‘रिवादाविया’ हे आपल्या फुटबॉल संघाचे नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतले. ती शर्यत त्याच्याकडून पुरी झाली नाही. परंतु गावाचा त्याच्यावरील विश्वास इतका दृढ होता की पुढे बालकार्सेच्या रहिवाशांनी वर्गणी गोळा करून त्याला शेव्हरोले गाडी मिळवून दिली. जगज्जेत्यांच्या इतिहासात सावकार, कारखानदार आणि सरकारी खजिने यांची नावे वारंवार येतात. त्यांच्या पंक्तीला या शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या वर्गणीचे नाव बसवावे असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

1940 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ब्वेनोस आयरेसहून पेरूची राजधानी लिमा आणि तेथून परत, अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरांची शर्यत झाली. बोलिव्हियाच्या पठारावर चार हजार मीटर उंचीवर श्वास कोंडतो, इंजिनाचाही आणि माणसाचाही. अँडीज पर्वतातील अरुंद कड्यांवर एका बाजूस खडक आणि दुसऱ्या बाजूस पाताळ. हेक्तोर तिएरी या सोबत्यासह फान्जिओने ही शर्यत जिंकली, तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी 86 किलोमीटरच्या आसपास होता. आकडा आज क्षुल्लक वाटेल. पण ज्या गाड्या त्याच्याहून वेगाने गेल्या त्या वाटेत मोडल्या, आणि तो आपली गाडी घेऊन परत आला. त्या वर्षीचे आणि 1941 चेही राष्ट्रीय अजिंक्यपद त्यालाच मिळाले. नलोपाख्यानात बाहुकाच्या वेषातील नळराजा ऋतुपर्णाच्या रथासाठी धष्टपुष्ट घोडे सोडून कृश दिसणारे घोडे निवडतो, कारण त्याला अश्वांचे हृदय ठाऊक असते. फान्जिओचे यंत्राशी असलेले नाते त्याच जातीचे होते.

महायुद्धामुळे 1942 नंतर शर्यती बंद पडल्या, टायर आणि पेट्रोल दुर्मिळ झाले, आणि चालकाच्या उमेदीची ऐन वर्षे वाया गेली. युद्ध संपले तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. अर्जेंटिनाचा अध्यक्ष पेरॉन याच्या राजवटीत क्रीडेकडे राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले, अर्जेंटिनाच्या मोटार क्लबाने पुढाकार घेतला, आणि 1948 साली फान्जिओ प्रथम युरोपात जाऊन आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्वेनोस आयरेस ते काराकास ही प्रचंड शर्यत निघाली. पेरूमध्ये, रात्रीच्या धुक्यात, एका वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून दरीत कोसळली. तो स्वतः जखमी झाला आणि त्याचा सोबती दानिएल उरुतिया प्राणास मुकला. एउसेबिओ मार्सिया या प्रतिस्पर्ध्याने आपली शर्यत थांबवून जखमींना इस्पितळात पोचवले, आणि ‘वाटेवरचा सरदार’ अशा अर्थाचे बिरुद लोकांनी त्याला कायमचे बहाल केले. शर्यत जिंकली दोमिंगो मारिमोन याने. सोबत्याच्या मृत्यूने फान्जिओ इतका खचला की हा उद्योगच सोडून द्यावा असे त्याच्या मनात आले. शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी ही त्या पद्धतीची सर्वांत कठोर बाजू होती. आणि युरोपच्या एकट्याने हाकण्याच्या गाड्यांत बसल्यावरही ती त्याच्या अंतःकरणातून गेली नसावी, असे त्याच्या सावधपणावरून मला वाटते.

तो परतला, आणि 1949 च्या हंगामात सान रेमो, पो, पेर्पिन्याँ, मार्सेय, आल्बी, मोन्झा अशा एकामागून एक शर्यती जिंकून या अपरिचित, टक्कल पडू लागलेल्या, मितभाषी मनुष्याने युरोपला चकित केले. 1950 साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा प्रथमच भरली तेव्हा आल्फा रोमेओ कंपनीने त्याला आपल्या ताफ्यात घेतले होते. त्या वर्षीच्या मोनॅको शर्यतीतील प्रसंग प्रसिद्ध आहे. पहिल्याच फेरीत, समुद्राचे पाणी रस्त्यावर उडून ओल्या झालेल्या, तंबाखूच्या दुकानाजवळच्या वळणावर, फान्जिओच्या मागून येणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मार्ग तुंबला. आघाडीवर असलेल्या फान्जिओला त्याची वार्ता नव्हती. दुसऱ्या फेरीत तो त्या जागेच्या अलीकडे आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की प्रेक्षक आपल्याकडे पाहत नाहीत. एरवी येणाऱ्या गाडीकडे वळलेले चेहरे पुढे कोठेतरी वळले आहेत. 1936 साली याच मार्गावर झालेल्या अपघाताचे छायाचित्र त्याने पाहिले होते. त्याने तत्काळ वेग आवरला, मोडलेल्या गाड्यांमधून हळूहळू वाट काढली, आणि शर्यत एका फेरीच्या अंतराने जिंकली. पुष्कळ लेखकांनी याला अतींद्रिय ज्ञान म्हटले आहे. मला तसे म्हणवत नाही. धुळीने भरलेल्या अनोळखी सडकेवर, नकाशा नसताना, झाडाच्या शेंड्यावरून पुढचे वळण ओळखण्यात ज्याची दहा वर्षे गेली, त्याची दृष्टी अशी होणारच.

त्या वर्षीचे पद आल्फा रोमेओच्याच ताफ्यातील फारिनाला अवघ्या तीन गुणांनी मिळाले. 1951 चे फान्जिओने बार्सेलोनातील अखेरच्या शर्यतीत निश्चित केले. 1952 साली बेलफास्टजवळची शर्यत आटोपून, विमान न मिळाल्याने पॅरिसहून रात्रभर मोटार हाकीत तो मोन्झाला शर्यतीच्या थोडाच वेळ आधी पोचला, आणि दुसऱ्याच फेरीत गाडी उलटून त्याच्या मानेचे हाड मोडले. थकलेल्या शरीराने शर्यतीस उभे राहिलो हा आपलाच दोष, असे तो पुढे मानी. बरा होऊन आल्यावर 1953 चे दुसरे स्थान, आणि मग 1954 ते 1957 सलग चार वर्षे अजिंक्यपद.

या यशाला मृत्यूची सोबत सतत होती. 1954 च्या जुलैत, फ्रान्सच्या शर्यतीतील आपल्या 1914 च्या विजयानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, त्याच तारखेस, मर्सिडीझ कंपनी त्या शर्यतीत परत उतरली, आणि फान्जिओने तिला विजय मिळवून दिला. पण महिन्याच्या आत न्यूर्बुर्गरिंगच्या सरावात ओनोफ्रे मारिमोन, म्हणजे त्या काराकास-शर्यतीच्या विजेत्याचा मुलगा आणि फान्जिओचा आवडता शिष्य, ठार झाला. दुसऱ्या दिवशी गुरूने शर्यत केली आणि जिंकली. 1955 च्या जूनमध्ये ल मान्स येथे लव्हेग या चालकाची मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. मागून येणाऱ्या फान्जिओला लव्हेगने हात वर करून इशारा दिला, त्यानेच आपण वाचलो, असे तो सांगत असे. वर्षअखेर मर्सिडीझने शर्यतींतून अंग काढून घेतले. मग तो फेरारीकडे गेला. तेथे त्याच्या गाडीसाठी स्वतंत्र कारागीर नेमलेला नव्हता. 1956 च्या मध्यास त्याने असा स्वतंत्र कारागीर मागून घेतला, आणि लगेच इंग्लंड व जर्मनीच्या शर्यती जिंकल्या. मोन्झाच्या अखेरच्या शर्यतीत त्याची गाडी नादुरुस्त झाली, तेव्हा स्वतःला अजिंक्यपदाची आशा असतानाही तरुण पीटर कॉलिन्सने आपली गाडी त्याच्या हवाली केली. हे औदार्य शर्यतीच्या इतिहासात विरळा.

4 ऑगस्ट 1957 चा न्यूर्बुर्गरिंगचा दिवस मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. आयफेलच्या डोंगरातून जाणारा 22.8 किलोमीटरांचा, दीडशेहून अधिक वळणांचा तो मार्ग, आणि त्याच्या 22 फेऱ्या. फान्जिओ आता ज्यांच्याकडे होता त्या मासेराटीच्या गोटाने अर्ध्या टाकीवर निघून मध्ये एकदाच थांबायचे ठरवले. फेरारीवाले हॉथॉर्न आणि कॉलिन्स थांबणार नव्हते. बाराव्या फेरीअखेर फान्जिओने सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी मिळवून गाडी थांबवली, परंतु चाके बदलताना दिरंगाई झाली आणि तो पाऊण मिनिटाने मागे पडला. त्यानंतर जे झाले त्याचा अर्थ त्या आयुष्यभर सांभाळून हाकणाऱ्या माणसाच्या संदर्भातच कळतो. ज्या वळणांवर तो नेहमी खालचा गिअर घेई तेथे त्याने वरचा ठेवला. बैठक ढिली झाली तेव्हा गुडघे टेकवून तोल राखला. फेरीमागून फेरी त्याने मार्गाचा उच्चांक मोडला आणि अखेर 9 मिनिटे 17.4 सेकंद ही वेळ नोंदवली, जी आदल्या वर्षीच्या उच्चांकापेक्षा 24 सेकंदांनी कमी होती. उपान्त्य फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकले आणि 3.6 सेकंदांनी शर्यत जिंकली. तेव्हा त्याचे वय 46 होते. आयुष्यभर राखून ठेवलेला वेग त्याने त्या एका दिवशी खर्च केला, आणि तशी गाडी पुन्हा कधी हाकण्याची आपली इच्छा नाही, असे तो नंतर म्हणत असे. त्याचा हा चोविसावा आणि अखेरचा जागतिक विजय.

पुढच्या फेब्रुवारीत क्यूबातील हवाना येथे कॅस्ट्रोच्या बंडखोरांनी त्याला हॉटेलातून पळवून नेले आणि शर्यत झाल्यावर सन्मानाने परत पाठवले. त्याने त्यांच्याविषयी कधी कटू शब्द काढला नाही. 6 जुलै 1958 रोजी फ्रान्समधील रॅन्स येथे तो चौथा आला. आघाडीवरील हॉथॉर्नने त्याला एक फेरी मागे टाकणे शक्य असूनही आदराने ते टाळले. त्या दिवशी शर्यतीत लुईजी मुसो हा चालक मरण पावला, पुढच्या महिन्यात कॉलिन्स, आणि जानेवारीत, शर्यती सोडल्यावर, साध्या रस्त्यावर हॉथॉर्न. फान्जिओ रॅन्सनंतर थांबला. अर्जेंटिनात मर्सिडीझच्या विक्रीचा व्यवसाय सांभाळू लागला आणि 1974 साली तेथील कंपनीचा अध्यक्ष झाला. 1986 मध्ये बालकार्सेत त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले, आणि 17 जुलै 1995 रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये निधन झाल्यावर त्याला गावीच पुरण्यात आले. पाच अजिंक्यपदांचा त्याचा उच्चांक 2003 साली जर्मन चालक शूमाखरने मोडला. परंतु आल्फा रोमेओ, मर्सिडीझ, फेरारी आणि मासेराटी या चार निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांवर अजिंक्यपद मिळवणे त्याच्यानंतर आजवर कोणालाही साधलेले नाही.