विजेवरच्या खर्जाची कुळकथा

अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये डबल बेस वाजवणाऱ्याचे हाल ठरलेले असत. वाद्य माणसाहून उंच, ते गाडीत मावेना. ते सांभाळत गावोगाव न्यायचं आणि ड्रम-ट्रम्पेट सुरू झाले की त्याचा खर्ज कुणालाच ऐकू जायचा नाही. बेस गिटार जन्मली ती या अडचणीतून. पुढे ती वाजवण्याच्या ज्या रीती जगभर गेल्या, त्याही बहुतेक कुणाच्या तरी अडचणीतूनच निघाल्या.

सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने विजेवरची, आडवी धरायची, पडदे बसवलेली बेस बनवली होती. ती मोजक्या लोकांपर्यंत पोचली आणि विसरली गेली. कुळाचे आद्यपुरुष म्हणून टटमार्क यांचं नाव घ्यायलाच हवं. वंश चालला तो मात्र लिओ फेंडर यांच्यापासून. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये ते रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवत, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ आणली. अंग भरीव लाकडाचं, कंपणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच, पट्टा लावून गळ्यात अडकवता येई. पडद्यांमुळे सूर नेमका लागे, त्यामुळे गिटारवादकालाही ती चटकन हाती बसे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधल्या मंक माँटगोमेरी यांनी ती जॅझमध्ये नेली.

तरीही पहिली काही वर्षं ती डबल बेसचंच काम करत राहिली. तिला स्वतःची वाणी दिली जेम्स जेमरसन यांनी, असं माझं ठाम मत आहे. डेट्रॉइटमध्ये ‘मोटाउन’ कंपनीचा स्टुडिओ एका साध्या घरात होता. तिथे जेमरसन १९६२ सालची प्रिसिजन घेऊन बसत. मूळचे ते डबल बेसवाले. उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तार छेडायची ही सवय त्यांनी तिकडूनच आणली. गुळगुळीत वेटोळ्यांच्या जाड तारा ते तुटेपर्यंत बदलत नसत, म्हणून आवाज दबका आणि मऊ येई. त्या काळी बेसने मूळ स्वर आणि पंचम धरून ठेवावा एवढीच अपेक्षा असे. जेमरसन मधले कोमल-तीव्र स्वर घेत, मात्रेच्या आधी-मागे पाऊल टाकत, गायकाच्या खाली दुसरं गाणंच रचत. बीटल्सचे बेसवादक पॉल मॅकार्टनी यांनी त्यांचं ऋण उघडपणे मानलं आहे. पण मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. गायक मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती आली, तेव्हा १९७१ उजाडलं होतं. ज्यांच्या ठेक्यावर अख्खी पिढी नाचली त्यांना नावासाठी इतकी वाट पाहायला लागली, हे मला आजही खटकतं.

लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के या गिटारवादक होत्या. १९६३मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून बेस त्यांच्या हाती आली. त्या ती नखीने वाजवत. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’मध्येही त्यांची बेस आहे. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्यासाठी टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी एकदा शब्द बाजूला ठेवून, फक्त तळाशी कान लावून ऐकावीत.

सगळ्यांत सुंदर हकिकत लॅरी ग्रॅहम यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ते आपल्या आईबरोबर छोट्या क्लबांत वाजवत. आई पियानोवर, लॅरी गिटारवर, आणि खर्जासाठी ऑर्गनच्या पायपट्ट्या. ऑर्गन बिघडला तेव्हा त्यांनी बेस भाड्याने आणली. पुढे ड्रमवालाही राहिला नाही. मग ताल कुणी धरायचा? लॅरींनी अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ड्रमचा धक्का काढला आणि बोटाने तार खेचून सोडत स्नेअरचा फटका. ‘स्लॅप’ ही रीत अशी घरातल्या गरजेतून आली. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडबरोबर १९६९च्या ‘थँक यू’ या गाण्यात ती साऱ्या जगाने ऐकली, आणि त्यानंतरचं फंक संगीत तिच्याशिवाय उभंच राहिलं नसतं.

पडदे काढण्याचं धाडस रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. त्याची खरी कला केली फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियस यांनी. त्यांच्याकडच्या फेंडरच्या ‘जॅझ बेस’च्या पडद्यांच्या खाचा लाकडी लांबीने बुजवून वर होड्यांना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं होतं. त्यामुळे धातूच्या खरबरीत तारांनी लाकूड झिजेना आणि सूर लांबवर टिके. सरोदची मींड ऐकलेल्या कानांना ते वादन परकं वाटत नाही. १९७६मध्ये त्यांची पहिली तबकडी आली आणि त्याच वर्षी ते वेदर रिपोर्ट या जॅझ बँडमध्ये दाखल झाले. फेंडर यांनी सूर नेमका लागावा म्हणून बसवलेले पडदे त्यानंतर कित्येक बेसवाल्यांनी स्वतःहून उपटून काढले.