उतरंड आणि रिंगण

मराठवाडा ही संतांची भूमी, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की ऐकूनही न ऐकल्यासारखे होते. पण या भूमीने एक विलक्षण कलाही जोपासली, आणि त्या कलेच्या पोटात एक मोठा विचार दडलेला आहे.

मुरुडपासून तेर काही फार लांब नाही. गोरोबाकाकांचे चाक तिथेच फिरत असे. परंपरा सांगते की, संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने काकांना यांतली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती, असे विचारले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थाप मारीत ते निघाले. नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले! कथेचा खरेखोटेपणा क्षणभर बाजूला ठेवा. तिची मांडणी पाहा. परीक्षक कुंभार, विचारणारी लहानगी मुलगी आणि निमूट डोके पुढे करणारे ज्ञानदेव. समाजाची सारी उतरंडच इथे उलटीपालटी झाली आहे.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हाच विचार भारुडात खेळवला. जोशी, वासुदेव, गोंधळी, पोतराज यांची सोंगे आणि बोली घेऊन त्यांनी त्यांच्या तोंडून वेदान्त वदविला. ‘जोहार’मध्ये महार बोलतो आणि शहाण्यांनी ऐकायचे असते. ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे कडाडून भांडतात आणि अखेरीस एकमेकांना भेटतात. भारुडात पद, नाच, अभिनय, विनोद आणि निरूपण अशी काही एकजीव होतात की, यांत मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे सांगता येऊ नये. विचार समतेचा आणि कलेची घडणही समतेची!

फ्रान्समधील दलूझ व ग्वातारी या विचारवंतांनी १९८० साली एका ग्रंथात अशीच कल्पना मांडली: ज्ञानाची रचना वृक्षासारखी एका खोडावर उभी नसावी, आल्या-हळदीच्या कंदासारखी ती कुठूनही फुटावी. आपल्या वारकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. एकमेकांच्या पायां पडताना तो वयही पाहत नाही आणि जातही पाहत नाही.

मात्र रिंगणाबाहेर काय घडत होते? चोखोबांचे अभंग मंदिरात गाइले जात, पण त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. पंढरपूरचे ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. भजनात एकत्र गाणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे इरावती कर्वे यांनी वारीत चालताना टिपून ठेवले आहे.

म्हणून कलेला खोटे म्हणायचे काय? मुळीच नाही. साने गुरुजींनी दार उघडायला लावले ते संतांच्याच शब्दांच्या बळावर. जी समता रात्रभर सोंगातून वावरली, तिची ओळख लोकांना आधीच पटलेली होती. उणीव होती ती सकाळी तिच्याशी तसेच वागण्याची. यंदा गावच्या सप्ताहात भारूड रंगेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण मग महाप्रसादाच्या पंगतीकडेही एकवार पाहा: कोण कोणाशेजारी बसले आहे, आणि वाढपी कोण आहे?