वारणेचा संगणक आणि उसाची पावती

आपण नववीत होतो, त्या १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधान कार्यालयाचा पुढाकार होता. कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत संगणक केंद्रे होणार आणि बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, शिक्षण असे सगळे शेतकऱ्याला गावातच मिळणार, असे सांगितले गेले. वाशीत तेव्हा एसटीडी बूथवर रांग लागायची. असल्या बातम्या वाचूनच मी अभियांत्रिकीला जायचे ठरवले.

पुढे संशोधकांनी त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. बाजारभाव आणि पीकसल्ला बहुतेक कागदावरच राहिले होते. संगणक हाताळायचा तो केंद्रचालक. शेतकरी विचारायचा एवढेच : माझ्या उसाचे वजन किती भरले, खताचे किती कापले, पैसे कधी मिळणार? एवढ्यासाठी गावोगावी संगणक सांभाळणे महागात पडत होते. म्हणून २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सात गावांत साधा मोबाइल देऊन पाहिला. एसएमएस पाठवला की वजनाचा आकडा परत यायचा. शेतकऱ्यांना हेच जास्त सोयीचे वाटले.

वारणा फसली, असे मी म्हणणार नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला सहकारी कारखाना, त्याचे सभासद आणि पावत्यांची शिस्त आधीपासून होती. संगणकाने तेवढेच काम सोपे केले. जिथे असे काही नव्हते, तिथे नुसत्या यंत्राने ते उभे राहिले नाही. या प्रयोगाशी संबंधित संशोधक केंटारो टोयामा यांनी २०१५च्या ‘गीक हेरेसी’ या पुस्तकात हेच मांडले आहे : तंत्रज्ञान माणसांची असलेली ताकद वाढवते, नसलेली आणून देत नाही.

मीही हीच चूक केली आहे. एका संस्थेसाठी आम्ही वीस स्क्रीनची प्रणाली बनवली. वर्षभराने पाहिले तर दोनच वापरात होत्या. बाकीचा हिशेब कारकुनाच्या वहीत, आणि तो चोख.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. मी रोज तिच्यावर काम करते, ती उपयोगीही पडते. पण प्रत्येक नव्या घोषणेला मला आपल्या गणिताच्या बाई आठवतात. लांबलचक उत्तर पाहून त्या म्हणायच्या, “छान सोडवलंस गं, पण विचारलं काय होतं?”

बाई, तो प्रश्न अजून वहीच्या पहिल्या पानावर लिहिते.