आर्कराइट : पेट्या घडवणाऱ्याचे आडनाव

औद्योगिक क्रांतीच्या धड्यात रिचर्ड आर्कराइट भेटतो तो सूतकताईच्या यंत्रासकट. परीक्षेपुरते नाव पाठ होते. त्या नावात एक सुतार बसला आहे, हे मात्र धड्यात नसते.

‘आर्क’ म्हटले की नोहा आठवतो. पण शब्द मूळचा पेटीचा. लॅटिन ‘आर्का’ म्हणजे झाकणाची पेटी, आणि तिचे मूळ ‘कोंडून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदात. मराठी बायबलात नोहाचे ‘तारू’ वेगळे आणि कराराचा ‘कोश’ वेगळा. इंग्रजीत दोन्हीकडे आर्कच. उत्तर इंग्लंडमध्ये आर्क म्हणजे घरातली धान्या-पिठाची पेटी. ओकच्या चिरफळ्या, लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवलेल्या. झाकण घराच्या पाख्यांसारखे दोन्हीकडे उतरते. कोपऱ्याचे खांबच खाली वाढवून पाय केलेले, म्हणजे जमिनीची ओल पिठाला लागत नाही. अशा पेट्या करणारा तो आर्कराइट. लँकेशरकडचे हे आडनाव आजही तसे विरळच.

यातला ‘राइट’ म्हणजे कारागीर. तो ‘वर्क’चा भाऊबंद, जुन्या इंग्रजीतून येताना त्यातल्या ‘र’ने जागा बदलली. लिहिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाटककाराला ‘प्लेराइट’ म्हणतात तेही नाटक ‘घडवणारा’ म्हणूनच; त्याचे स्पेलिंग भलेभले चुकतात. कार्टराइट आणि वेनराइट दोघेही गाड्या बनवणारे, व्हीलराइट चाके. यांपैकी कार्टराइट बराच फोफावला. गाड्या गावोगाव लागत, तर आर्क हा शब्दच मुख्यतः उत्तरेचा. आडनाव विरळ राहिले त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

आडनावे एकदा वंशपरंपरेची झाली की धंदा सुटतो, नाव राहते. आपल्याकडचे किती कुलकर्णी आज गावचे दप्तर लिहितात? १७३२ मध्ये प्रेस्टनला जन्मलेला रिचर्ड शिंप्याचा मुलगा. बोल्टनला त्याने न्हाव्याचे दुकान घातले, केसांचे टोप विकले. मग जॉन के या घड्याळजीला हाताशी धरून कताईचे यंत्र उभे केले आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी काढली. त्या यंत्राच्या १७६९ च्या पेटंटात या पेटीवाल्याचा धंदा लिहिला आहे : घड्याळजी.