हाली, कलदार आणि बिटकॉइन

आमच्या अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. दादीच्या पेटीत तेव्हाचे चारमिनार छापलेले चांदीचे काही रुपये आणि एक नोट होती. हे हाली सिक्क्याचे चलन. इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. हिशेब असा की 7 हाली म्हणजे 6 कलदार.

सरकार बिटकॉइन दाबून टाकू शकेल का, असे तरुण मुले विचारतात तेव्हा मला ही पेटी आठवते.

नोव्हेंबर 1947 मध्ये हैदराबादने भारताशी जैसे थे करार केला. पाठोपाठ वटहुकूम काढून भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन नाही असे ठरवले. वर्ष भरायच्या आत, 17 सप्टेंबर 1948 ला, निजामाची सत्ताच संपली. पुढे पाळी हालीची आली. काही वर्षे दोन्ही चलने सोबत चालली आणि 1950च्या दशकात हाली बाद झाले. अशा कामासाठी घरोघर झडत्या घ्याव्या लागत नाहीत. सरकारी खजिना जे नाणे घेत नाही, ते मोंढ्यातला व्यापारीही फार दिवस घेत नाही.

दादीला मुदतीची खबर लागली तेव्हा मुदत संपली होती. चांदीचे रुपये सोनाराने वजनावर घेतले. नोट तशीच राहिली.

बिटकॉइन 2009 मध्ये सुरू झाले. त्याला टांकसाळ नाही, खजिना नाही. त्याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर आहे, मग कुलूप लावायचे कुठे? चीनने 2021 मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले, तरी ते संपले नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. मग 2022 मध्ये नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारावर 1 टक्का कपात आली.

म्हणजे वही सरकारच्या हाती नाही, पण दरवाजा आहे. ज्वारी घ्यायची तर बिटकॉइनचे रुपये करावेच लागतात, आणि ते होतात बँकेतून. हा दरवाजा अरुंद झाला की जवळ उभे असलेले आधी निसटतात. खबर उशिरा पोचणारे आत राहतात.

दादीच्या रुपयात निदान चांदी होती. बिटकॉइन घेऊन सोनाराकडे जाता येत नाही.