कार्बन ब्रश : विद्युत करवतीतील

हाताने चालवायच्या विद्युत करवतीच्या मोटरमध्ये फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारा कार्बन-ग्रॅफाइटचा लहान आयताकृती तुकडा. कारागीर त्याला नुसते ‘कार्बन’ म्हणतात. वायरवर चालणाऱ्या अशा करवतींत बहुधा युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यात स्थिर गुंडाळी आणि आर्मेचर यांची जोडणी एकसरीत असते. समोरासमोर बसवलेले दोन कार्बन स्प्रिंगच्या दाबाने आर्मेचरसोबत फिरणाऱ्या कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर सतत घासतात.

सुरुवातीच्या डायनॅमोंमध्ये या कामासाठी तांब्याच्या तारांचे ब्रश वापरत. त्यांच्या ठिणग्या फार उडत आणि कॉम्युटेटरवर चरे पडत. जॉर्ज फोर्ब्ज या स्कॉटिश अभियंत्याने १८८५ मध्ये कार्बनच्या ब्रशचे पेटंट घेतले. कार्बन तांब्यापेक्षा मऊ असल्याने तो स्वतः झिजतो आणि महागडा कॉम्युटेटर टिकतो. त्याची झीज हा दोष नव्हे, त्याचे ते कामच आहे. दोष आहे तो झिजलेला कार्बन तसाच चालवण्यात. तो आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, मोटर अडखळते, जळका वास येतो, ठिणग्या वाढतात आणि कॉम्युटेटर काळा पडून खरवडला जातो. काही कार्बनमध्ये झीज ठरावीक मर्यादेला पोचताच मोटर आपोआप बंद पाडणारी सोय असते.

कार्बन बदलण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. बऱ्याच करवतींत मोटरच्या दोन्ही बाजूंना खाचेची टोपणे असतात. ती रुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. काहींत मागचे कव्हर काढावे लागते. कार्बनवरच्या खुणेपर्यंत, किंवा खूण नसल्यास उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे सुमारे ३ ते ६ मिमी. उरेपर्यंत झीज झाली असेल, तर दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत. एकच बदलणे ही खोटी काटकसर आहे. नवा कार्बन त्याच क्रमांकाचा घ्यावा. जाडी थोडी जास्त म्हणून कानशीने घासून बसवलेला कार्बन त्याच्या बसण्याच्या जागेत, म्हणजे होल्डरमध्ये, तिरका राहतो किंवा अडकतो. होल्डरमधील लाकडाचा भुसा कुंचल्याने झाडून काढावा. कार्बन त्यात सहज सरकला पाहिजे. कॉम्युटेटरवरचा गुळगुळीत तपकिरी थर मात्र घासून काढू नये. तो थर संपर्क चांगला ठेवतो. तपासून परत घालायचा जुना कार्बन त्याच बाजूला, त्याच दिशेने बसवावा, कारण त्याचे टोक त्या जागेच्या गोलाईप्रमाणे घासले गेलेले असते.

नवे कार्बन बसल्यावर करवत काही मिनिटे लाकूड न कापता मोकळी चालवावी. सुरुवातीच्या बारीक ठिणग्या कार्बन गोलाईवर बसला की कमी होतात. कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसले, तर दोष बहुधा आर्मेचरमध्ये किंवा कॉम्युटेटरमध्ये असतो. अशी करवत लगेच बंद करून मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावी.