तीनचाकीतली हवा

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर किंवा मलकापूरच्या बाजारात हाताने पॅडल फिरवत निघालेली दिव्यांगांची तीनचाकी नेहमी दिसते. तिचा पूर्वज 1655 सालचा आहे. न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फमध्ये स्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीच्या पायांत बळ नव्हते. त्याने हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी स्वतःच बनवली.

तिला हवेची चाके मिळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. मुलाच्या तीनचाकीला बसणारे दणके पाहून बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनवला, त्याचे पेटंट 1888 चे.

भारतात 1972 हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी 1965 च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्ण जिंकले, आणि त्याच वर्षी कानपूरला अलिम्को हा कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. उत्पादन 1976 मध्ये सुरू झाले. साधने वाटण्याची केंद्राची एडिप योजना 1981 ची.

1976 मध्येच स्वीडनला पहिली हिवाळी पॅरालिम्पिक झाली. बसून स्की करणाऱ्यांना या स्पर्धेत जागा मिळाली ती 1988 मध्ये, इन्सब्रुकला. त्यांच्या आसनाखाली अनेकदा हवेचा शॉक-अॅब्सॉर्बर असतो. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे खास पंपाने त्यात हवा भरायची, सील वेळच्या वेळी बदलायचे. वीस अंशांच्या खोलीत भरलेली हवा उणे वीस अंशांत नेली, की दाब सुमारे सातव्या हिश्शाने उतरतो. म्हणून दाब डोंगरावर पुन्हा तपासावा लागतो.

बुलढाण्यात बर्फ नाही, बाभळीचे काटे आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकाला थरावर थर चिकटते, उन्हाळ्यात तीच भेगाळून रस्त्याकडेला खडबडीत होते. इथे दणका सोसायला तीन टायरमधली हवाच. पंक्चर झाले की सायकलवाला चाक न उतरवताच ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, ती जागा घासतो, सोल्यूशन लावून तुकडा चिकटवतो. मग टायरच्या आतून बोट फिरवतो. काटा तिथेच राहिला, तर ट्यूब पुढच्या वळणावर पुन्हा बसणार.

हीच या तीनचाकीची खरी ताकद: तिचा कारागीर तालुक्याच्या गावी सापडतो. पण सायकलचे दुकान चार किलोमीटरवर असेल आणि घरीच चाकातली हवा गेली, तर पायी चालणाऱ्याला ते अंतर काहीच नाही. तीनचाकीवाल्याचा बाजार, दवाखाना आणि मजुरीचा दिवस मात्र तिथेच थांबतो. वाटपाच्या शिबिरात गाडी देताना सोबत हातपंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान द्यायला हवे, आणि ते कसे वापरायचे हे घरातल्या कुणाला तरी तिथेच शिकवायला हवे.